‘साभार : गूगल’ म्हणजे नेमके कोणाचे आभार?

मुलुंडची माझी ताई सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी नर्मदेकाठी सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरवर लेख लिहितेय. परवा तिने कच्चं पान पाठवलं. चित्राखाली ‘साभार : गूगल’ आणि उजव्या कोपऱ्यात कापता कापता राहिलेली वॉटरमार्कची शेपटी. हे कुठून शिकलीस, विचारलं तर उत्तरादाखल फॉरवर्ड आला. आठवड्यात तिसऱ्यांदा! ‘शोधनिबंध पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत, नादी लागू नका. गूगलवरचं चित्र सगळ्यांचं असतं. वॉटरमार्क कापा, साभार लिहा. शैक्षणिक कामाला कॉपीराइट लागू नाही. काहीच नसेल तर एआयकडून काढून घ्या.’

आधी ते साभार. अहो, गूगल चित्र काढत नाही, दुसऱ्याच्या साइटवरचं दाखवतं. शेजाऱ्याचे आंबे तोडायचे आणि आभार मानायचे पत्ता सांगणाऱ्या पानवाल्याचे! वॉटरमार्क कापणं म्हणजे तर मालकाची पाटीच उखडणं. आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकार गेल्यावरही ६० वर्षं टिकतो. शिवाय ताईच्या पानावरचा प्राणी राजासॉरस नव्हताच. राजासॉरसच्या कपाळावर बुटकं शिंग असतं, इथे कपाळ सपाट. चक्क टी-रेक्स! चित्र जिथून उचललं ते मूळ पान उघडलं असतं, तर खाली नाव लिहिलेलं होतं.

शोधनिबंधांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. काही नियतकालिकं एका निबंधाला दोन-तीन हजार रुपये मागतात. पण राजासॉरसचाच २००३चा मूळ निबंध मिशिगन विद्यापीठाच्या ऑनलाइन साठ्यातून फुकट उतरवता येतो. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवर निबंधाच्या नावाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं, तिथे एकदा बोट तर लावा.

आणि २०१०चा ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकातला सनाजेह या प्राचीन सापावरचा निबंध बघाच. गुजरातमधल्या ढोली डुंगरीला डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी पिल्लाची हाडं. हे सारं जपलेला खडक भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना मिळाला होता. निबंध सीसी-बाय परवान्याचा, म्हणजे श्रेय दिलं की त्यातली छायाचित्रं विकत्या अंकातही छापता येतात. खाली एवढंच : ‘विल्सन व इतर, २०१०, प्लॉस बायॉलॉजी, सीसी-बाय’. ‘साभार : गूगल’पेक्षा एखादी ओळ जास्त. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साठ्यातही प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. इतरत्र परवान्यात ‘एनसी’, म्हणजे व्यापारी वापराला मनाई, दिसलं तर मात्र सोडून द्या. अंकात वाण्याची जाहिरात आहे.

शैक्षणिक सवलत? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे, पण शिक्षक-विद्यार्थ्यांच्या शिकण्या-शिकवण्यापुरती. सोसायटीचा अंक म्हणजे वर्ग नव्हे.

एआयला मी राजासॉरस काढायला सांगितला. दोन शिंगं आली. पुढचा विषय.

खरं तर मुंबईकराने नर्मदेपर्यंत जायचंच कशाला? वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. ‘डायनासोर’ शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेननेच १८४७मध्ये त्यांचं वर्णन केलं. ओवेन वारला १८९२ला, तेव्हा त्याच्या लिखाणावर आता कोणाचाच हक्क नाही. त्या काळची नियतकालिकं ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात पानापानाने स्कॅन करून ठेवलीत. ताईला लिंक पाठवली. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज : ‘राजासॉरस पुढच्या वर्षी. बेडकाला किती शब्द देऊ?’