सशाला सॉरी म्हणणारी माझी लेक

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

काल रात्री दिवे घालवल्यावर लेकीच्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. जाऊन बघते तर पांघरुणात टॅब, आणि ही सात वर्षांची पोर स्क्रीनवरच्या सशाला सांगतेय, "सॉरी रे, आज पाहुणे आले होते ना, उद्या नक्की येते." हा ससा म्हणजे तिच्या गणिताच्या अॅपमधलं पात्र. एक दिवस चुकला की त्याचे कान पडतात, डोळे भरतात आणि विचारतो, "मला विसरलीस का?"

सात वर्षांच्या मुलीला! विसरलीस का म्हणे! अरे तू गणित शिकवायला आलायस का रुसायला?

आता कोणीतरी म्हणणारच की टॅब देताच कशाला. थांबा जरा, मी त्यातली नाही, कारण ह्याच सशाने दोन महिन्यांपूर्वी मला जे जमलं नाही ते करून दाखवलंय. त्यात ससा शिकवत नाही, मुलांनी सशाला शिकवायचं असतं. तो म्हणाला १/३ हे १/२ पेक्षा मोठं, कारण ३ मोठा ना २ पेक्षा. हीच चूक बाईसाहेबांच्या वहीत आठवडाभर होती, मी समजावून समजावून थकले होते. पण सशाने केल्यावर? "अरे वेड्या, जास्त जणांत वाटलं तर कमीच येणार ना!" म्हणून कागदाच्या पट्ट्या दुमडून कॅमेऱ्यासमोर धरायला लागली. त्याला काही दिसत नव्हतं हो, पण मी मध्ये बोलले नाही. दाराआडून बघत बसले.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लोकांनी बेटी नावाचं असंच पात्र केलंय. नदीतले मासे, शेवाळ, ऑक्सिजन, कशामुळे काय वाढतं नि काय कमी होतं हे बाण काढून मुलांनी तिला शिकवायचं आणि मग परीक्षा बेटीने द्यायची. ती चुकली की मुलं आपणहून परत वाचायला बसतात. स्वतःच्या मार्कांसाठी नाही, बेटीसाठी. किती गोड आहे हे!

आणि म्हणूनच तर चीड येते ना! मूल ज्या मायेने शिकवायला बसतं, तीच माया पिळून त्याला रोज अॅप उघडायला लावायचं. चुकणारा ससा शिकण्यासाठी आहे, पण रडणारा ससा कोणासाठी आहे? आपल्याला मोठ्यांना तरी कुठे कळतं म्हणा. १९६६ च्या सुमाराला वायझेनबॉम नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने एलायझा नावाचा नुसता टाइप करून गप्पा मारणारा प्रोग्राम केला, ना चेहरा ना कान, तरी त्याच्या सेक्रेटरीने तिच्याशी बोलताना त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. प्रोग्राम आहे हे तिला माहीत असून! मग पांघरुणातल्या पोरीने काय करायचं?

हो, रोज बसते ती अभ्यासाला, पूर्वी बसायची नाही. मान्य. त्या रुसव्याचाच प्रताप असेल. पण "उद्या नक्की येते" म्हणताना तिचा जो आवाज होता ना, तो अभ्यासाची गोडी लागलेल्या मुलीचा नव्हता. गुन्हा केल्यासारखा होता.

सकाळी रागात म्हटलं, अॅपच काढून टाकते. तर ही बूट घालता घालता एवढंच म्हणाली, "मग त्याला १/४ कोण शिकवणार? आमचं अजून १/३ च झालंय."

मी काहीच बोलले नाही. सेटिंगमध्ये शोधून शोधून दमले, नोटिफिकेशन बंद झाली पण रडणं बंद करायचं बटण काही सापडलं नाही. टॅब कपाटावर ठेवलाय. ती शाळेतून यायला अजून दीड तास आहे आणि आल्या आल्या विचारणार, ससा कुठाय.