माऊस उलटा ठेवून ओपॅक उघडा

गेल्या पंधरवड्यात सोलापूर परिसरातल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, दोन ठिकाणी खाली टाळ्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन कॅटलॉग, म्हणजे लायब्ररीतली पुस्तकं घरबसल्या शोधायचा ओपॅक, दिव्यांगांना वापरता यावा हे नवं खूळ आहे. अंध वाचक लायब्ररीत येतच नाहीत. आले तरी त्यांना ब्रेल नाहीतर ऑडिओ पुस्तकं लागतात, कॅटलॉग घेऊन काय करणार? शिवाय खर्च लाखोंचा. फारच वाटलं तर साइटवर अक्षरं मोठी करून देणारं, व्हीलचेअरच्या चिन्हाचं बटण बसवा. आणि काउंटरवर आपली माणसं आहेतच की मदतीला.

इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षं काढली. यातलं निम्मं मीही कधीतरी बोललेय, म्हणून उत्तर द्यायला बसलेय.

‘येतच नाहीत’ हे आपण देवघेव काउंटरवर बसून मोजतो. ओपॅक ऑनलाइन टाकला तो लोकांना घरबसल्या बघता यावा म्हणूनच ना? मग काउंटरवरची गर्दी कशाला मोजायची? दुसरं, दिव्यांग म्हणजे अंध हे समीकरण कुठून आलं? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यात हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांच्या वर आणि दृष्टीचं असलेले ५० लाखांच्या आसपास. यंत्रमागावर बोटं गेलेला माणूस या गावात नवलाचा नाही. त्याला माऊस धरून बारीक बाणावर नेमकं टिचकी मारायला सांगून बघा. मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे आपले जुने सभासद तर कुठल्याच यादीत नसतात.

ब्रेलचं म्हणाल, तर आमच्याकडे येणारी बहुतेक अंध मुलं मोबाईलवर ऐकून वाचतात. छापील पुस्तक नेतात, पानांचे फोटो काढतात, ॲपकडून वाचून घेतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकासाठी अशी सुलभ प्रत करू देतो. म्हणजे आपल्या कपाटातलं साधं छापील पुस्तकही त्यांच्या कामाचं आहे. फक्त ते आहे हे आधी कळायला हवं, आणि ते कॅटलॉगच सांगणार. एखादी प्रत दिव्यांगांना कशी वापरता येईल ते लिहायला मार्क नोंदीत, म्हणजे कॅटलॉगच्या संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या साच्यात, ५३२ हे क्षेत्र २०१८ पासून आहे. किती जणांनी ते कधी भरलंय?

आता खरी गोष्ट सांगते. मोहोळकडून एसटीनं येणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक अंध मुलगा एकदा माझ्या शेजारी बसला आणि मोबाईलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, लावून त्यानं आमचा ओपॅक उघडला. शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं, तर मोबाईल म्हणाला, ‘एडिट बॉक्स’. कसला, ते नाही. ‘शोधा’ हा शब्द शेजारच्या चित्रात होता, चौकटीला जोडलेलाच नव्हता. पुस्तक शिल्लक आहे की बाहेर गेलंय, ते हिरव्या-लाल ठिपक्यावर. ठिपक्याला नाव नाही. आणि पुस्तकाच्या नावाच्या जागी मोबाईल इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर असं काहीबाही वाचत सुटला. पोरगं हसलं. “मॅडम, हे मराठीच आहे का बघा की ओ.”

मराठीच होतं. पण ते युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं सगळ्या यंत्रांवर सारखीच ओळखली जावीत अशा पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं. आमच्या संगणकांवर तो फाँट असल्यानं आम्हाला ‘शेतकरी’ दिसायचं, आत मात्र नुसती चिन्हं. डोळस मुलांच्या मोबाईलवरही तोच कचरा उमटत होता. त्यांनी कधी तक्रार केली नाही. साइट बिघडली असेल म्हणून सोडून दिलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मग उकरायला लागलो तसं आणखी निघत गेलं. तेलुगू आणि कन्नड पुस्तकं, जी सोलापुरात हवीतच, रोमन लिपीत नोंदलेली, कारण ते कीबोर्ड कुणाला येत नव्हते. स्क्रीन रीडर त्यांना इंग्रजी समजून असं वाचतो की घरात तेलुगू बोलणाऱ्यालाही अर्थ लागू नये. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकसंध, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण नोंद एका तऱ्हेची आणि शोध दुसऱ्या तऱ्हेचा झाला, तर पुस्तक कपाटात असूनही आमचा ओपॅक ‘आढळले नाही’ म्हणत होता. यात दिव्यांगांसाठी खास असं काय होतं? हे आपलं तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम, कच्चं असल्याचं लक्षण होतं, आणि ते आधी त्यांना ऐकू आलं, इतकंच.

खर्चाचं ऐका. आम्ही ग्रंथालयासाठी वापरतो ते कोहा मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं. चौकटींना नावं देणं, ठिपक्याजागी ‘उपलब्ध’ लिहिणं, फिकट अक्षरं गडद करणं ही दोन दिवसांची कामं. तपासायला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही बोलतो. आवाज यंत्राचाच, पण कळतं. नोंदी युनिकोडमध्ये आणायला मात्र मे महिन्याची अख्खी सुटी गेली, ते लपवत नाही. ज्यांनी बंद सॉफ्टवेअर विकत घेतलंय त्यांची अडचणही खरी आहे: ओपॅकचं पान बदलणं त्यांच्या हातात नाही. त्यांनी वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणात ही अट घालावी. विक्रेता करार जाईल म्हटल्यावर ऐकतो.

कायद्याचा मुद्दा त्या मजकुरात नाहीच, पण सांगून ठेवते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सेवा देणारा सरकारी की खासगी हे बघत नाही, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानलं.

ते बटण म्हणजे आजार म्हशीला आणि इलाज पखालीला. चौकटीला नावच नसेल तर अक्षरं मोठी करून काय ऐकू येणार? असं साधन विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले, कारण ‘कुठलीही साइट सुलभतेच्या मानकांत बसवून देतो’ या तिच्या दाव्याला पुरावा नव्हता.

राहिली काउंटरवरची मदत. ती आपण करतो, मनापासून करतो. पण घटस्फोटाच्या कायद्याचं, दारू सोडवण्याचं, गुप्तरोगाचं पुस्तक हवं असलं की आपण ते कुणासमोर मोठ्यानं मागतो का? रात्री मोबाईलवर बघतो, वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा, लिहून घेतो, सरळ कपाटाशी जातो. अंध मुलीनं मात्र ते नाव आमच्या शिपाईमामांना सांगायचं, आणि मागे रांगेत तिच्याच वर्गातली पोरं.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी उद्या एक करा. माऊस उलटा ठेवा, आपला ओपॅक उघडा आणि माऊस धरता न येणाऱ्यासारखं, कीबोर्डवरचं नुसतं टॅब दाबत शोधायच्या चौकटीपर्यंत जा. किती वेळा दाबावं लागलं ते ग्रुपवर टाका. आमच्याकडे पहिल्यांदा एकेचाळीस वेळा लागलं होतं.