बोटी कमी होत्या, पण भरल्याही नव्हत्या

‘टायटॅनिकवर पुरेशा जीवरक्षक बोटी असत्या तर सगळे वाचले असते’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. 20 बोटींत 1178 जणांची सोय होती, वाचले साधारण 710. म्हणजे होत्या त्या जागांपैकीही साडेचारशेच्या वर रिकाम्या गेल्या! 65 जणांची पहिली बोट जेमतेम 28 जणांना घेऊन उतरली. जहाज हिमनगाला धडकलं त्या रविवारी बोटींची कवायतच झाली नव्हती, आणि उबदार, उजेडाचं जहाज सोडून काळ्याकुट्ट पाण्यावर लोंबकळायला सुरुवातीला कोण तयार होणार? शेवटच्या दोन घडीच्या बोटी तर नीट सोडताही आल्या नाहीत, पाण्यानेच वाहून नेल्या. आणखी बोटी असत्या तरी त्या सोडायला वेळ कुठे होता?

नुसती संख्या पुरत नाही, हे आपल्याकडेही दिसतं. गेल्या मे महिन्यात कोकणात मी एका लाँचने खाडी ओलांडली. जीवरक्षक जाकिटं मोजून भरपूर, पण सगळी छताला सुतळीने करकचून बांधलेली. खलाशाला विचारलं तर म्हणाला, “काका, सोडली की पोरं खेळतात त्यांच्याशी.” तपासणीच्या कागदावर मात्र संख्या बरोबर असणार.