दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरच्या प्लेयरला हात लावू नका

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. आमच्या लिनक्सवाल्या, म्हणजे विंडोजऐवजी ही फुकटची सिस्टीम वापरणाऱ्यांच्या, ग्रुपवर एका पोरानं टाकलं, "बाबांच्या पीसीवरचं व्हीएलसी उडवलं, नवीन प्लेयर टाकला, सगळी गाणी ऑर्गनाईज करून ठेवली, बघू त्यांच्या कधी लक्षात येतंय." व्हीएलसी म्हणजे गाणी, व्हिडिओ वाजवायचा एक फुकटचा प्लेयर. त्याखाली हसणारे चेहरे, त्यावर पन्नास अंगठे. आणि मग नेहमीचं सुरू, अरे तो टाकलास का, तो जुना झाला, हा टाक, याचा इंटरफेस कसला भारी आहे बघ, व्हीएलसी अजून कोण वापरतंय काय. मी तिथं काही लिहिलं नाही. तिथं लिहिलं की संध्याकाळपर्यंत भांडण चालतं आणि मला गणपती पेठेत दुकान उघडायचं असतं. इथं लिहितो, इथं आपली माणसं आहेत.

त्या पोराचे बाबा कोण ते मला माहीत नाही. पण मला माझी आत्या दिसली.

आत्या मिरजेला असते. पंचाहत्तरीच्या पुढं गेलीय, अजून गल्लीतल्या पोरींना गाणं शिकवते, फी विचारली की "आईला पाठवून दे, बघू" म्हणते आणि मग आई आली की तिलाच चहा पाजून परत पाठवते. सतारमेकर गल्ली तिच्या घरापासनं चालत. मिरजेच्या सतारीला अन् तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेपरचं कात्रण तिनं फ्रिजला चिकटवलं होतं. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत जे गाणं चालतं ते ती फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकतीय. तर अशा बाईकडं तिच्या गुरूंच्या, ती त्यांना नुसतं 'बाई' म्हणते, तालमीच्या कॅसेटा पेटीभर होत्या. बुरशी लागत चाललेल्या. मी दुकानातल्या टेपवरनं एकेक चालवून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमात भरून घेतल्या आणि एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून तिला दिल्या.

फायलींना नावं तिनं स्वतः दिली, मराठीत. 'यमन बाई चिडल्यात'. 'भूप पाऊस'. 'बागेश्री कुकर'. म्हणजे त्या बागेश्रीत मागं कुकरच्या शिट्ट्या आहेत, तिला त्यावरनंच कळतं कुठली तालीम ती.

आता प्लेयर. ग्रुपवरच्या हुशारांना वाटतं प्लेयर निवडायचा म्हणजे यादी काढायची, स्क्रीनशॉट बघायचे आणि ज्याच्यात जास्त फीचर तो टाकायचा. मी आत्याशेजारी बसलो आणि ती काय करते ते बघितलं. ती गाणी 'ऐकत' नाही, ती एकच जागा पुन्हा पुन्हा घेते. बाईंची एक तान आली की थांबवायची, मागं न्यायची, परत. आणि तिला ती तान सावकाश पाहिजे असते. जुन्या टेपवर सेल उतरले की आवाज जाड व्हायचा, पट्टीच बदलायची, म्हणून तिला वाटायचं सावकाश म्हणजे बेसूर. व्हीएलसीत चौकटी कंसाच्या कीनं स्पीड कमी केला आणि तिला ऐकवलं. पट्टी तीच, तान निम्म्या लयीत. ती काही बोलली नाही, नुसतं हातानं "परत" असं केलं. मग व्ह्यू मेनूतनं ॲडव्हान्स कंट्रोल चालू करून दिले, त्यात ए-बीचं बटण असतं, एकदा दाबलं की तिथनं, दुसऱ्यांदा दाबलं की तिथपर्यंत, तेवढाच तुकडा फिरत राहतो. तिनं चौकटी कंसाच्या एका कीवर लाल टिकली चिकटवली, दुसऱ्यावर हिरवी, आणि बरोबरच्या चिन्हावर, ज्यानं स्पीड परत मूळपदावर येतो, तिथं एक चमकीची. झालं. कित्येक वर्षं तो लॅपटॉप चालला, एकदाही फोन नाही.

आणि दिवाळीत पुण्याचा एक पाहुणा आला. नात्यातलाच आहे, नाव लिहीत नाही, आयटीत आहे, पोरगा वाईट नाही. "आजी किती जुनाट ठेवलंय हे" म्हणत बसला आणि फराळ होईपर्यंत त्यानं व्हीएलसी काढलं, एक लायब्ररीवाला म्युझिक प्लेयर टाकला, सगळं फोल्डर त्यात स्कॅन केलं, आणि वर त्यातलं ते ऑर्गनाईज फाईल्सचं बटण दाबलं.

ते बटण काय करतं माहितीय का? फाईलच्या आतले टॅग वाचतं, कलाकार, अल्बम, ट्रॅक नंबर, आणि त्याप्रमाणे फायली उचलून नव्या फोल्डरात टाकतं, नावंही बदलतं. बाजारातनं आणलेल्या गाण्यांना टॅग असतात. आमच्या बाईंच्या तालमीला कुठनं टॅग येणार? सगळं गेलं 'अननोन आर्टिस्ट'मध्ये. आणि सेटिंगमध्ये नावात फक्त इंग्रजी अक्षरं ठेवायची अशी खूण होती, ती त्यानं बघितलीच नाही, त्यामुळं आत्यानं लिहिलेली सगळी मराठी नावं जाऊन तिथं नुसत्या आडव्या रेघा आल्या. रेघ रेघ रेघ एक, रेघ रेघ रेघ दोन. 'यमन बाई चिडल्यात' कुठली आणि 'भूप पाऊस' कुठला, काही पत्ता नाही.

बरं प्लेयर तरी सुखानं वाजवेल, तर त्यात क्रॉसफेड चालू. म्हणजे एक संपत आलं की दुसरं त्याच्यावरच हळूच सुरू होतं, पार्टीत बरं वाटतं ते. आत्याचा फोन आला, "अरे, यमन संपायच्या आत बागेश्री शिरतोय की रे मध्ये, आणि माझ्या टिकल्या पण चालेनात. मी काय दाबलं का?" मला तेव्हा राग आला तो याचाच. चूक करून गेला दुसरा आणि पंचाहत्तरीची बाई विचारतीय मी काय दाबलं का.

आता कोण म्हणेल तुझा राग व्हीएलसीच्या प्रेमापोटी आहे. नाही. व्हीएलसी दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, प्रेफरन्सेसमध्ये शिरलं की बाहेर यायची वाट सापडत नाही, मान्य. मी स्वतः पिक्चर एमपीव्ही नावाच्या दुसऱ्या प्लेयरमध्ये बघतो. पण त्या व्हीएलसीला जुनाट म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा की पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ ला कॅम्पसच्या नेटवर्कवर टीव्ही दिसावा म्हणून सुरू केलेलं काम ते, २००१ ला त्यांनी ते जीपीएल या मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना मोकळं केलं, आणि आजपर्यंत त्यात जाहिरात नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासनं नोव्हेंबरपर्यंत आपल्या देशात त्यांची वेबसाईटच ब्लॉक होती, आठवतंय का? विंडोजवाले कुठल्या कुठल्या भलत्या साईटवरनं उतरवत होते आणि व्हायरस घेऊन माझ्याच दुकानात येत होते. आपल्याला काही फरक पडला नाही कारण आपलं पॅकेज येतं डिस्ट्रोच्या, म्हणजे आपण जो लिनक्स घेतलाय त्याच्याच, रेपॉझिटरीतनं, प्रोग्रॅमच्या कोठारातनं. हे सुख आपल्याला आहे, आणि त्या सुखाचा उपयोग आपण काय करतो, तर रोज नवा प्लेयर टाकतो.

आणि एक सांगू, हे जे "मी सात प्लेयर ट्राय केले" वाले आहेत ना, त्यातले निम्मे प्लेयर आतनं एकच असतात. सेल्युलॉईड, हरुणा, एसएमप्लेयर, यांच्या पोटात बहुतेक वेळा एमपीव्ही. एमपीव्ही आणि व्हीएलसी दोघांच्याही पोटात डीकोडिंगला, म्हणजे फाईल उलगडून वाजवायला, एफएफएमपेग. रिदमबॉक्सच्या पोटात त्याच कामाला जीस्ट्रीमर. चेहरा बदलला म्हणून एखादी फाईल चालायला लागत नाही. व्हिडिओ काळा दिसतोय, आवाज येतोय, तर प्लेयर बदलू नका, कोडेक, म्हणजे तो फाईलीचा प्रकार उलगडणारा तुकडा, आहे का बघा. मिंट टाकताना मल्टिमीडिया कोडेक टाकू का असं विचारतं तिथं टिक केली नसेल. उबंटूत त्याचंच रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज नावाचं पॅकेज राहिलं असेल. फेडोरावाले पेटंटच्या भानगडीमुळं सगळं सोबत देत नाहीत, त्यांना आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रेपॉझिटरी जोडावी लागते. एमपी३ चं पेटंटचं लचांड तर २०१७ ला मिटलं, पण एच२६४ या व्हिडिओच्या प्रकाराचं अजून आहे. हे पाच मिनिटांचं काम असतं आणि लोक त्याच्यासाठी पाच प्लेयर टाकतात, आणि मग डबल क्लिक केलं की कुठला उघडेल ते देवालाच माहीत.

त्याचंही आहे बघा. एमपी३ ला एखादा प्लेयर डिफॉल्ट लावला म्हणजे फ्लॅक फाईलीला लागला असं नसतं, प्रत्येक प्रकार वेगळा. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, ओपन विथ, तिथं ठरवायचं, मग ते होम फोल्डरमधल्या कॉन्फिगच्या आत माईमॲप्स (mimeapps.list) नावाच्या फाईलीत लिहिलं जातं. ठरवून ठेवलं नसेल तर नवीन टाकलेला प्लेयर पुढं येऊन बसू शकतो. आत्याच्या लॅपटॉपवर तर त्या पाहुण्यानं व्हीएलसी काढल्यावर वेव्ह फाईल नव्या प्लेयरमध्ये उघडायची, एमपी३ रिदमबॉक्समध्ये, आणि बाईंच्या सत्काराचा एक व्हिडिओ आहे तो सेल्युलॉईडमध्ये. तीन खिडक्या, तीन तऱ्हेची बटणं, टिकल्या एकाही ठिकाणी लागू नाहीत.

हां, त्यानं एक काम चांगलं केलं, तेवढं लिहितो नाहीतर तो वाचून म्हणेल काकानं नुसतंच झोडपलं. इंटेलचा व्हीए-एपीआयचा ड्रायव्हर नीट टाकून हार्डवेअर डीकोडिंग चालू केलं, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडं दिलं, त्यामुळं व्हिडिओ लावला की पंखा जो बोंबलायचा तो थांबला. ते माझ्याकडनं राहिलं असतं. बरं.

लायब्ररीवाले प्लेयर वाईट असतात असंही माझं म्हणणं नाही. ज्याच्याकडं हजारानं गाणी आहेत, नीट टॅग केलेली, त्याला स्ट्रॉबेरी प्लेयरसारखं दुसरं काही नाही. जुन्या अमारोक प्लेयरच्या १.४ आवृत्तीवरनं २०१० ला क्लेमेंटाईन आलं, त्याच्यावरनं २०१८ ला स्ट्रॉबेरी, म्हणजे त्या अमारोकची तिसरी पिढी चालू आहे, लोकांनी प्रेमानं सांभाळलंय. माझ्या दुकानात ऑडेशियस प्लेयर आहे, त्याला विंडोजवरच्या जुन्या विनॲम्पची स्किन लावलीय, गिऱ्हाईकं बघून खूश होतात. पण हे माझं दुकान आहे, माझा कॉम्प्युटर आहे. आत्याला फोल्डर पुरतं. तिचं ऑर्गनायझेशन तिच्या डोक्यात आहे आणि ते त्या पाहुण्याच्या टॅगपेक्षा चांगलं आहे, कारण कुठल्याच टॅगमध्ये 'बाई चिडल्यात' असा रकाना नसतो.

माझ्याकडं मूळ फायलींची कॉपी हार्डडिस्कवर होती, त्यामुळं गाणं वाचलं. नावं नाही वाचली, ती तिनं नंतर लॅपटॉपवरच दिली होती. मग मी रविवारचा मिरजेला गेलो, व्हीएलसी परत टाकलं, डिफॉल्ट लावले, बाकीचं सगळं मेनूतनं काढलं, आणि ती एकेक फाईल लावून ऐकत बसली. मी बाजूला कागद घेऊन. आधी मला वाटलं मिनिटभर ऐकून नाव सांगेल. छे. पहिल्या षड्जालाच "ही सोमवारची" म्हणायची आणि मग पुढं ऐकतच राहायची, कारण लागलंय तर कशाला थांबवायचं. मध्येच एका ठिकाणी बाई कुणावर तरी ओरडल्या, "तोंड उघड की!" आणि आत्या हसली, म्हणाली, "हे मला बरं का." त्या दिवशी आमचं काम अर्धंसुद्धा झालं नाही. भडंग संपलं.

राहिलेली नावं तिनं पुढं सवडीनं दिली. काही बदललीत. 'बागेश्री कुकर'चं आता 'बागेश्री कुकर खरा' झालंय, कारण मध्ये एकदा दुसरीच एक बागेश्री त्या नावानं सेव्ह झाली होती.

हे टाईप करता करता राग जरा उतरलाय खरा, पण त्या ग्रुपवरच्या पोराला एवढं सांगायचंय की बाबांच्या लक्षात आलेलंच असणार रे. ते बोलणार नाहीत. ते गाणी ऐकायचं बंद करतील आणि तुला वाटेल त्यांना नवीन आवडलं. आज घरी गेलास की जुनं पॅकेज परत टाक, नवीनही राहू दे, दोन्ही दाखव, त्यांना कुठलं पाहिजे ते त्यांना ठरवू दे. आणि ऑर्गनाईज दाबायच्या आधी फोल्डरची कॉपी काढली होतीस का नव्हतीस, ते मला खासगीत सांग. नसशील तर डिस्कवर आता नवीन काही कॉपी करू नकोस आणि ती घेऊन दुकानात ये, काय निघतंय बघू, पैसे घेणार नाही.

बाकी कमेंटमध्ये "मी तर टर्मिनलमध्येच गाणी ऐकतो" लिहिणारे येतीलच. या. आणि "मग दादा मी कुठला प्लेयर टाकू" असं नुसतं विचारू नका, मशीन किती जुनं आहे आणि त्याच्यासमोर बसणार कोण ते लिहा, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा उत्तर देतो.