चौपट परतावा? आधी वजाबाकी दाखवा
एका लेखात रोजगार प्रशिक्षण प्रकल्पाचा ‘गुंतवणुकीच्या चौपट सामाजिक परतावा’ (म्हणजे घातलेल्या एका रुपयामागे समाजाला चार रुपयांचा फायदा) छापलाय, पण प्रकल्पाविनाही जे घडलंच असतं त्याची वजावट कुठेच दिसत नाही. समजा 100 जण शिकले, 60 जणांना काम लागलं. तशाच, पण प्रशिक्षण न घेतलेल्या 100 जणांपैकी 25 जणांना लागलं असेल, तर प्रकल्पाच्या खात्यात 35च. त्यातून दुसऱ्या संस्थेच्या मदतीचा वाटा काढा, वर्षभराने किती टिकले तेही बघा. मग बोला परताव्याचं.

खरा घोळ मात्र सुरुवातीच्या पाहणीत, म्हणजे प्रशिक्षणाआधी लोकांची स्थिती काय होती याच्या नोंदीत असतो. ही पाहणी बऱ्याचदा प्रकल्प निम्मा झाल्यावर, ‘आधी किती कमवत होतात?’ असं विचारून आठवणीवर भरून घेतात. आणि प्रशिक्षण मध्येच सोडून गेलेल्यांना बऱ्याचदा कुणी फोनच करत नाही. उरलेल्यांची टक्केवारी मग देखणी दिसणारच!