नऊ तासांची घसघशीत विश्रांती

इव्हनिंग ड्युटी रात्री दहाला सुटते, मॉर्निंग ड्युटी सकाळी सातला लागते. मध्ये नऊ तास! सिस्टर, नऊ तास म्हणजे काय थोडे झाले? आठ तास गाढ झोपा आणि उरलेल्या तासाभरात काय हवी ती चंगळ करा. ड्युटी लावणाऱ्यांनी एवढं उदार मन दाखवूनही तुम्ही जांभया देत येत असाल, तर वेळ वापरण्याची कला तुम्हाला अवगत नाही. म्हणून हा मार्गदर्शनाचा प्रपंच.

आधी दहाच्या ठोक्याला वॉर्ड सोडायला शिका. हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवणं, अर्ध्यावर असताना सात नंबरचं सलाईन थांबेल, नऊ नंबरला धाप लागेल. त्यांना समजावा की रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युट्यांच्या तक्त्यात, याची तरतूद नाही. तरीही चार्टिंग उरकून निघेपर्यंत पावणेअकरा झालेच, तर ती पाऊण तासाची तुमची वैयक्तिक हौस. मग प्रवास, आंघोळ, दोन घास. पाठ टेकेपर्यंत साडेबारा आणि गजर सव्वापाचचा. वजाबाकी करत बसू नका, त्यात आणखी पाच मिनिटं जातात.

आता पडल्या पडल्या झोपा. ‘ते इंजेक्शन दिलं ना मी?’ हा प्रश्न याच वेळी हमखास पडतो, त्याला उद्या यायला सांगा. पहाटे उठायच्या धास्तीने झोप उथळ होते म्हणतात, तर धास्ती घेऊ नका. इतकं सोपं आहे.

शरीराचीही समजूत काढा. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. इव्हनिंगवरून मॉर्निंगवर येणं म्हणजे त्याचे काटे उलटे फिरवणं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे आले असते तर वाचले असते बिचाऱ्यांचे कष्ट. घड्याळ भिंतीवर असतं, नर्सिंग स्टेशनच्या बरोबर वर.

डोळे मिटायला लागले की कॉफी घ्या. ती निम्मी उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेली मध्यरात्री तुमच्या सोबतीला आहेच.

काही अभ्यासक उगीच भीती घालतात. सलग १७ तास जागं राहिलं की हातापायांचा आणि डोक्याचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो, असं १९९७ मध्ये प्रयोगातून मांडलं गेलं. अनेक देशांत तेवढ्यावर गाडी चालवू देत नाहीत. पण सकाळी पावणेसहाला उठून रात्री पावणेअकराला इन्सुलिनचा डोस मोजणाऱ्या सिस्टरला कोणी अडवत नाही, कारण तिच्या तोंडाला वास येत नाही.

युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती लिहून ठेवलीय. घाबरू नका, रुग्णालयांसाठी सवलतीची खिडकीही त्यातच आहे, आणि खिडकी असली की दारातून कोण जातं?

आता मनातलं सांगते, इव्हनिंगला लागून मॉर्निंग ही जोडी आपल्यातल्याच काही जणी मागून घेतात. मॉर्निंगला लागून ऑफ आला की सुट्टी लांबलचक दिसते. तिचा पहिला अर्धा दिवस झोपेत जातो, पण रोस्टरवर ती काय देखणी दिसते!

नॉर्वेत मात्र एका मोठ्या रुग्णालयाने अशा जोडड्युट्या कमी करून पाहिल्या, तर आजारपणाच्या रजाही घटल्या. असले प्रयोग करू नयेत. रजा घटल्या तर इन्चार्जनी रात्री फोन कुणाला करायचा?

तो पाहा, वाजलाच. उद्याच्या मॉर्निंगची सिस्टर तापाने पडलीय. चार दिवसांत तिच्या दोन जोडड्युट्या झाल्या होत्या म्हणे. तुम्ही आत्ता इव्हनिंगलाच आहात ना? मग सकाळी याल का, नऊ तास आहेत की मध्ये.