दोन मार्कांची ठकठक

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

लेक नववीत आहे. इंग्रजीची वर्कशीट भरत बसली होती, मी सहज डोकावले. वर शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातला अर्ध्या पानाचा उतारा आणि खाली प्रश्न. चौथा प्रश्न असा: दारावरची ठकठक कशाचं प्रतीक आहे? मार्क दोन. तिने लिहिलं होतं, 'अपराधी मनाचं आणि बाहेरचं जग परत येण्याचं.' अक्षर सुंदर, उत्तर बरोबर. मी विचारलं, "पण दार ठोठावतंय कोण?"

"म्हणजे?"

"अगं, बाहेर कुणीतरी उभं असणार ना? कोण आहे ते?"

तिने उतारा वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि म्हणाली, "आई, ते दिलेलं नाहीये."

ते दिलेलं नाहीये! बाहेर मॅकडफ उभा आहे, बाई. ज्याच्या हातून शेवटी मॅकबेथ मरणार, तोच माणूस दारात उभा राहून आत घ्या म्हणतोय. आणि माझ्या मुलीला ठकठकीचं प्रतीक ठाऊक आहे, पण दारात कोण आहे ते ठाऊक नाही. तिला ते विचारावंसंही वाटलं नाही, कारण प्रश्न विचारायचं काम वर्कशीटचं.

मी एवढी का भडकले ते सांगते. नववीत असताना ती ठकठक मी केली होती.

मी लहानपणी अडखळत बोलायचे. क आणि प आले की जीभ टाळूला चिकटायची. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की पोटात गोळा. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एक दिवस जाहीर केलं की आता रोज तासाची शेवटची वीस मिनिटं 'मॅकबेथ' वाचायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वाचणार तुम्ही. फळ्यावर पात्रांची नावं, समोर मुलांची नावं. मी मान खाली घालून बाकावरच्या रेघा मोजत होते. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "दुसऱ्या अंकात दार वाजतं, ते तू वाजवायचं. बोलायचं काही नाही. पण वेळ चुकलीस तर राजाचा खून फुकट जाईल."

दुसरं काही नाही, एवढंच सांगितलं. मी घरी जाऊन अख्खा दुसरा अंक शब्दकोश घेऊन वाचला. कोणी सांगितलं नव्हतं. वेळ चुकू नये म्हणून वाचला!

आता परत त्या वर्कशीटकडे येते, कारण राग अजून उतरलेला नाही.

उतारा म्हणजे काय, तर गोष्टीचा असा तुकडा ज्याच्या आधी काही घडलेलं नसतं आणि पुढे काही घडणार नसतं. त्यावर अलंकार विचारता येतात, स्वभावचित्र लिहून घेता येतं, मोकळ्या जागा भरता येतात. फक्त एक गोष्ट उताऱ्याला कधीच जमत नाही. तो तुम्हाला फसवू शकत नाही. फसायला पानं लागतात. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या (वाचली नसेल तर हा परिच्छेद गाळा, नंतर मला शिव्या नकोत). पिप नावाच्या गरीब पोराला कुणीतरी गुपचूप पैसा पुरवतं. त्याला वाटतं ती श्रीमंत म्हातारी मिस हॅविशम असणार, आणि आपल्यालाही तसंच वाटतं. मग ५९ प्रकरणांपैकी ३९व्या प्रकरणात, वादळी रात्री, एक माणूस जिना चढून वर येतो आणि कळतं की पैसा त्या कैद्याचा होता, जो लहानपणी पिपला स्मशानात भेटला होता आणि ज्याला पिपने भेदरून खायला नेऊन दिलं होतं. पिपला तेव्हा त्या माणसाची किळस येते. आणि वाचणाऱ्याला स्वतःची लाज वाटते, कारण तोवर आपणही श्रीमंत म्हातारीच्याच बाजूने कौल दिलेला असतो. ही लाज उताऱ्यातून कशी देणार? पुस्तकात धडा म्हणून स्मशानातला प्रसंग देतात, कारण तो सुरुवातीला आहे आणि तेवढाच सुटा काढता येतो. म्हणजे मुलांना कैदी भेटतो, तो परत येतो हे कळतच नाही.

कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच कबूल करते. हो, डिकन्सची ती कादंबरीसुद्धा साप्ताहिकातून तुकड्यातुकड्यानेच आली, डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१. पण पुढच्या आठवड्यात पुढचा तुकडा येत होता! वाट पाहायला लावणारा तुकडा वेगळा आणि 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा'वाला तुकडा वेगळा.

आणि हेही कबूल, शेक्सपिअरच्या नटांनाही पूर्ण नाटक हातात मिळत नसे. फक्त आपली वाक्यं आणि आधीच्याच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द. पण ते लोक रंगमंचावर जिवंत उभे असत, बाकीचं नाटक कानाने ऐकत. 'मॅकबेथ' तर तो हयात असताना छापलंच गेलं नाही. तो गेला १६१६ मध्ये, नाटक छापून आलं १६२३ मध्ये. मुळात ते डोळ्यांसाठी लिहिलेलंच नाही. आणि आपण पोरांना ते मान खाली घालून, पेन्सिलीने अधोरेखित करत, गुपचूप वाचायला लावतो. गाण्याची वही द्यायची आणि म्हणायचं, तोंड बंद ठेवून नीट वाच.

तर आमच्या वर्गात तो दिवस उजाडला. मी शेवटच्या बाकावर. तालमीत मी इतकं हळू वाजवलं होतं की सर म्हणाले, "हा किल्ला आहे, न्हाणीघर नाही." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मॅकबेथ राजाला मारतो, पण तो खून आपल्याला दिसत नाही. तो आत होतो. आपल्यासमोर अंधारात फक्त नवराबायको कुजबुजतात. त्याचे हात रक्ताने भरलेत, खंजीर तो चुकून घेऊन आलाय, ते परत ठेवायला ती आत जाते, तो एकटा उरतो. आणि दार वाजतं.

मी वाजवलं. बोटांच्या पेरांनी, जोरात.

मॅकबेथ झालेला मुलगा दचकला. खरोखर दचकला, त्याचं पुस्तक बाकावरून खाली पडलं. कोणी हसलं नाही. चाळीसेक पोरं होती वर्गात आणि एकाचाही आवाज नाही. मी पुन्हा वाजवलं. मग ती परत आली, तिचेही हात आता लाल, आणि म्हणते थोडं पाणी घेतलं की झालं, सगळं धुऊन जाईल. मी वाजवतच होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे वर्ग गप्प झाला होता आणि मी एक अक्षर बोलले नव्हते.

पुढे दारू प्यायलेला द्वारपाल येतो, नरकाचा पहारेकरी असल्याचं सोंग करत दार उघडायला उशीर लावतो. सरांनी त्याचे एकदोन विनोद घाईघाईने उरकले, कान लाल झाले होते त्यांचे. असो.

डी क्विन्सी नावाच्या लेखकाने या ठकठकीवर १८२३ मध्ये एक निबंध लिहिला. तो म्हणतो, लहानपणापासून ही ठकठक ऐकली की काहीतरी व्हायचं, पण का ते कळत नव्हतं. बरीच वर्षं बुद्धी उत्तर देत नव्हती, पण त्याने बुद्धीवर विश्वास न ठेवता त्या वाटण्यावर ठेवला. मग त्याला सापडलं की खुनाच्या वेळी सगळं जग थबकलेलं असतं, आणि ठकठक झाली की नेहमीचं जगणं पुन्हा सुरू होतं, म्हणून आपण हादरतो. आता माझ्या मुलीचं उत्तर वर जाऊन परत वाचा. 'बाहेरचं जग परत येण्याचं.' त्या माणसाने वर्षानुवर्षं जे मनात बाळगलं, ते हिला दोन मार्कांना, आधी काही न वाटता, आयतं मिळालं. कोडं पडायच्या आधीच उत्तर!

मुलीचा दोष नाही. बाईंचाही फारसा नाही, त्यांच्यावर पोर्शन, पेपर, वह्या, मीटिंगा, सगळं आहे. आमच्या सरांचाही अर्धा पोर्शन मागे पडला होता, त्यांनाही वरून बोलणी बसली, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीतले काही काळ मला आजही नीट येत नाहीत. माझ्या शेजारची मुलगी बहुतेक दिवस चक्क झोपायची. ठीक आहे, झोपू दे. गणितातही झोपायचीच ती.

नियम करून भागतं असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासूनच्या जीसीएसई (तिथली सोळाव्या वर्षाच्या सुमाराची शालेय परीक्षा) साहित्याच्या अभ्यासक्रमात शेक्सपिअरचं एक अख्खं नाटक आणि १९व्या शतकातली एक अख्खी कादंबरी वाचावीच लागते, आणि परीक्षेत पुस्तक जवळ नसतं. झालं, तिथली मुलं अवतरणं पाठ करत बसतात. पाठांतराची वाट माणूस कुठूनही काढतो.

आणि ती भाषा पोरांना कळत नाही हो, असंही कोणी म्हणेल. नाही कळत. आम्हालाही कळत नव्हती, निम्मे शब्द डोक्यावरून जात होते. पण हात लाल आहेत आणि दार वाजतंय हे कळायला किती इंग्रजी लागतं? 'मॅकबेथ' जेमतेम २१०० ओळींचं आहे. शेक्सपिअरच नको असेल तर नको, दुसरं कुठलंही घ्या, कालपरवाचं घ्या. एकच घ्या, पण शेवटापर्यंत न्या.

शेवटापर्यंत का, तेच तर सांगायचंय. सहा आठवड्यांनी आम्ही पाचव्या अंकाला पोचलो. मॅकबेथची बायको झोपेत चालते, नसलेलं रक्त चोळचोळून धुते. थोड्या पाण्याने काम होईल म्हणणारी हीच. आणि जाता जाता म्हणते, चला, चला, दारावर कोणीतरी ठोठावतंय. तिथे कोणी ठोठावत नाही. पुस्तकात तशी सूचनाच नाही. ती ठकठक फक्त तिच्या डोक्यात उरली आहे.

ते वाक्य वाचलं गेलं आणि अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी हात मांडीखाली दाबून बसले होते. सर काही बोलले नाहीत. समजावलं नाही, प्रतीक म्हणाले नाहीत, फळ्यावर काही लिहिलं नाही. चाळीस पोरांना एकाच क्षणी एक गोष्ट आठवली होती आणि ती सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. ज्याने दुसऱ्या अंकातला अर्ध्या पानाचा उतारा वाचलाय, त्याला ती बाई कसली ठकठक ऐकते ते कसं कळणार?

आता लिहिता लिहिता राग उतरत चाललाय, आणि एक गोष्ट लपवून ठेवली होती ती सांगून टाकते. मागच्या परीक्षेला लेकीला एक कादंबरी होती. अख्खी होती, शाळेने लावलेली. परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा "अगं, सारांश वाच आणि महत्त्वाचे प्रश्न कर" असं तिला कोण म्हणालं? मीच. तिने निम्मी वाचली होती, म्हणत होती, "आई, पुढे काय होतं ते बघू दे ना." मी नाही बघू दिलं. पंच्याण्णव टक्के आले. मी स्टेटस ठेवलं होतं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अभिनंदनही केलंत.

ती कादंबरी आज कपाटात शोधली. वाचनखूण अजून मधल्याच पानात आहे.

मघाशी जेवणं झाल्यावर तिला विचारलं, 'मॅकबेथ' वाचायचं का पूर्ण, मोठ्याने, दोघींनी मिळून? आधी तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "पण दार मी वाजवणार." मी हो म्हटलं, जरा जड मनानेच.

शनिवारी दुपारी सुरू करतोय. पहिल्याच प्रवेशात तीन चेटकिणी लागतात आणि घरात आम्ही दोघीच आहोत. कोणी येतंय का?